रेंज गेली तरी वाट सापडते!

एकदा मिरजगावहून रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट पाहायला निघालो आणि मध्येच मोबाइलची रेंज गेली. पडद्यावर नुसती करडी चौकट! शेवटी एका मेंढपाळ आजोबांनी वाट दाखवली. तेव्हाच ठरवलं, पुढच्या खेपेला नकाशा घरूनच उतरवून न्यायचा.

गंमत म्हणजे, आपण कुठे आहोत हे कळायला इंटरनेट लागतच नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यातल्या निदान चारांचे संदेश फोनने पकडले की झालं! इंटरनेट लागतं ते नकाशासाठी.

मग अ‍ॅप कोणतं घ्यावं? ही तिन्ही फुकट मिळतात. गूगल मॅप्समध्ये दुकानं, दवाखाने भरपूर. पण उतरवलेल्या नकाशावर गाडीचाच रस्ता मिळतो, पायी किंवा सायकलचा नाही. ऑरगॅनिक मॅप्स सोपं, जाहिराती नाहीत आणि पायवाटही सांगतं. ऑसमअँडमध्ये सोयी खूप, म्हणून शिकायला वेळ लागतो; शिवाय फुकटात नकाशे मोजकेच.

या शेवटच्या दोन्हींचा नकाशा 'ओपनस्ट्रीटमॅप'चा. तो २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. जगभरचे हौशी लोक तो भरतात. आपल्या वस्तीची वाट त्यात कुणी भरलीच नसेल, तर अ‍ॅप बिचारं कुठून सांगणार? मोठ्यांच्या मदतीने ती तुम्हीच भरा की!

निघण्याआधी नेट बंद करून रस्ता दिसतो का, ते घरीच तपासा. आणि बॅटरीच संपली तर? आजोबांना विचारायला लाजू नका!