उभं लाकूड, आडवं लाकूड

लाकडाचं घर बांधायचंय म्हणून माझ्याकडे येणारा माणूस हल्ली आधी मोबाइल काढतो. त्यात फोटो ठरलेला. खाली बर्फ, मागे सरळसोट उंच झाडं आणि मधे ओंडक्यावर ओंडका रचून केलेलं घर. यंदा आलेला पोरगा आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातला, नोकरीला पुण्यात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून त्याचं गावी येणं वाढलंय. वडिलांच्या शेतात, विहिरीच्या अंगाला, त्याला अस्संच घर पाहिजे होतं. "काका, लाकूड तुम्ही म्हणाल ते आणतो, पण घर हेच."

मी सुतार. बाप-आजा तिफणी, वखरं, बैलगाड्या करायचे. ट्रॅक्टर आले आणि ते काम सरलं, तेव्हा मी जुन्या घरांच्या दुरुस्तीकडे वळलो. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या पट्ट्यातली धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, घरं उघडायची, सडलेलं काढायचं, धडधाकट ठेवायचं, हा माझा धंदा. म्हणून फोटोला मी लगेच नाही म्हणत नाही. एवढंच विचारतो, की हे घर उभं आहे तिथं मे महिना कसा असतो?

ओंडक्यांची घरं नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा इथली. तिथल्या जंगलात पाइन आणि स्प्रूसची झाडं खांबासारखी सरळ वाढतात. ती पाडायची, साल काढायची, कोपऱ्यावर खाचा पाडून एकमेकांत बसवायची, की भिंत तयार. वेगळे खांब नाहीत, वेगळी भिंत नाही. जाड लाकूड थंडी आत येऊ देत नाही, चुलीची ऊब धरून ठेवतं. रशियात किझी बेटावर १७१४ सालचं अख्खं चर्च असं ओंडक्यांवर उभं आहे. आपल्या देशात याचा जवळचा नातेवाईक पाहायचा तर मनालीला गेल्यावर थोडं खाली नग्गरचा किल्ला पाहावा. देवदाराच्या आडव्या तुळया आणि दगडाचे थर आलटूनपालटून. त्याला तिकडे काठकुणी म्हणतात. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपातही तो पडला नाही.

मग आपल्याकडे काय अडलं? अडतं ते लाकडाच्या स्वभावावर. लाकूड वाळताना आटतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोणत्या अंगानं आटतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. लांबीत ते जवळजवळ आटतच नाही. आटतं ते आडव्या अंगानं. साग हे या बाबतीत फार गुणी लाकूड, पण तोही ओल्याचा पूर्ण वाळेपर्यंत रुंदीत पाच टक्क्यांच्या आसपास आटतो. बाकीची बहुतेक झाडं त्याहून जास्त.

आता ओंडक्यांची भिंत डोळ्यांपुढे आणा. नऊ फूट उंचीत सगळं लाकूड आडवं. प्रत्येक ओंडका थोडा थोडा आटणार आणि सगळ्यांची घट उंचीतच जमा होणार. ओल्या ओंडक्यांची भिंत फुटामागे अर्धा ते पाऊण इंच खाली बसते. म्हणजे नऊ फुटांत साडेचार इंचांपासून पावणेसात इंचांपर्यंत! दरवाजाची चौकट उभ्या लाकडाची, ती आटत नाही. भिंत खाली येते आणि चौकटीवर बसते. दार उघडेनासं होतं. तिकडचे कारागीर हे जाणून असतात. ते चौकटीच्या वर मुद्दाम मोकळी फट ठेवतात, तिच्यात लोकर किंवा शेवाळ भरतात, वरून पट्टी मारतात. घरात मधे एखादा खांब असेल तर त्याच्या तळाशी स्क्रूचा जॅक बसवतात आणि भिंत बसत जाईल तसा तो फिरवून खांब उतरवत राहतात. जिना, पाण्याचे पाइप, सगळ्यांना सरकायला वाव ठेवावा लागतो. हे काही वर्षं चालतं, मग घर शांत होतं.

आपल्याकडे ते शांत होत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ वर, हवा भट्टीसारखी कोरडी. लाकूड आवळतं, चिरा पडतात. मृगाचा पाऊस लागला की तेच लाकूड दमट हवेत फुगतं. दरवर्षी हा खेळ. ओंडका गोल, त्यामुळे वरच्या अंगाला पडलेली चीर आभाळाकडे तोंड करून असते. तिच्यात पाणी साठतं आणि गाभ्यापर्यंत जातं. पश्चिमेची भिंत पाच-सात पावसाळ्यांत काळी पडते. ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर लाकूड कुजत नाही, बुरशी धरत नाही. पण चिरेतली ओल भाद्रपद उलटला तरी तिथेच असते.

मी पोराला म्हटलं, "चल, तुला इथलं लाकडाचं घर दाखवतो," आणि कारंज्यात ओळखीच्या एका वाड्यात नेलं. गाव कारंजा लाड, जुन्या सावकारांचं आणि जिनिंगचं. काष्ठासंघाच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीव काम पाहायला बाहेरून लोक येतात, पण मला दाखवायचा होता तो साधा सोपा. दगडाचा तळखडा, त्यावर सागाचा उभा खांब, खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर दीड-दीड फुटावर कड्या, कड्यांवर किलच, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि वर माती. भिंती दोन हात जाड मातीच्या, पण त्यांच्यावर छपराचा भार नाही. भार सगळा खांबांवर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आमच्याकडे घर मोजतात ते खणांवर.

यात आडवं लाकूड आहे, पण उंचीत ते केवढं? हस्त आणि तुळई मिळून फूट-सव्वा फूट. बाकी सगळी उंची उभ्या लाकडाची, आणि उभं लाकूड आटत नाही. म्हणून शंभर वर्षांच्या घराचं दार आजही बोटानं ढकललं तर लागतं. कोण्या सुतारानं हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याला खांब आणि तुळईचा फरक हातानं कळला होता.

पोरगा हिशेबाचा माणूस, म्हणून तिथेच ओट्यावर बसून हिशेब मांडला. वीस बाय वीस फुटांचं घर. ओंडक्यांचं केलं तर भिंतींची लांबी ८० फूट, उंची ९ फूट, जाडी ८ इंच. ४८० घनफूट लाकूड. दारं-खिडक्या वजा केल्या तरी चारशेच्या वर, आणि यात छप्पर धरलेलं नाही. तेच घर खणांचं केलं तर सहा इंची सोळा खांब, तुळयांच्या चार रांगा, चार इंची कड्या. सगळं मिळून शंभर घनफुटांच्या आत, किलच तेवढी वेगळी. पोरानं मोबाइल खिशात ठेवला.

भिंतीला मातीच का, हेही त्याला विचारायचं होतं. जाड माती ऊन हळूहळू पिते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तेव्हा खिडक्या उघड्या असतात. लाकडाची आठ इंची भिंत थंडीला चांगली, पण ती ऊन असं साठवून धरत नाही.

धाब्याच्या घराचे गुण सांगताना त्याचा दोषही सांगायला हवा, नाहीतर ती नुसती आठवणींची भाषा होते. दोष वर आहे. किलचावर पळसाची पानं किंवा तुराट्या, त्यावर चिखल, त्यावर पांढरी माती असं माळवद करतात. एक फूट जाडीची माती चारशे चौरस फुटांवर टाकली तर अठरा-वीस टन वजन होतं, ओली झाली की आणखी. आणि दर उन्हाळ्यात गळती थांबवायला लोक जुन्या मातीवर नवी टाकत जातात. एक फुटाची जाडी नातवाच्या काळात दोन-अडीच फूट होते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं या मातीखाली, दगडांखाली गेली. नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट नोंदवली गेली: जिथं लाकडी खण सांध्यांत पक्के होते, तिथं भिंती बाहेर कोसळल्या तरी बऱ्याच ठिकाणी सांगाडा छपरासकट उभा राहिला. मारलं ते दगडाच्या भिंतींनी आणि जास्तीच्या मातीनं. म्हणून मी नव्या घराला माळवद करत नाही. उताराचं छप्पर, कौलं, खाली लाकडी फळ्या, आणि भिंतीच्या बाहेर निदान अडीच-तीन फूट वळचण. लाकडाच्या घराला रंगापेक्षा वळचण जास्त वाचवते. खांब, हस्त, तुळई यांच्या सांध्यांना खुंट्या आणि कोपऱ्यांत तिरपे टेकू हवेतच, नुसतं वजनावर बसवून भागत नाही.

जमिनीचंही पाहा. आपली काळी कसदार जमीन सोयाबीनला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणायचं, तिथून जोतं वर आणायचं, आणि जोत्यावर तळखडा. खांब जमिनीत पुरायचा नाही. पुरलेल्या खांबाला मातीच्या रेषेशी ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तो तिथेच जातो. दगडावर ठेवलेला खांब कोरडा राहतो, आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची नळी दगडावर उघडी दिसते. तळखड्याभोवती कोणी हौसेनं फरशी किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की हे दिसायचं बंद होतं. मी उघडलेल्या घरांत सडलेले खांब बहुतेक अशाच गिलाव्याच्या आड सापडतात.

सागाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की त्याला काही लागत नाही. लागत नाही ते गाभ्याला. गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात, ती वाळवीला नकोशी. पण सालीलगतचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी भुंगा ते पीठ करतो. लवकर वाढवलेल्या कोवळ्या झाडात पांढरा भागच जास्त. तेव्हा घेताना जाडी पाहू नका, कापलेलं तोंड पाहा. त्यापेक्षा पिकलेल्या कडुनिंबाच्या कड्या परवडतात. आमच्याकडे गरिबाच्या घराला निंब आणि बाभूळच असायचे.

दुसरी एक गोष्ट चुलीची. जुन्या घरात धूर आढ्यापर्यंत जायचा, कड्यांवर काजळीचा थर बसायचा, आणि किड्यांना तिथे थारा मिळायचा नाही. आता घरोघरी गॅस आला. बायांचे डोळे आणि छाती वाचली, ते उत्तमच झालं. पण धुराचं काम आता आपल्याला करावं लागतं. किलच आणि बांबू बसवण्याआधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्यायचे. खांब-तुळयांना दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, बेलतेलात थोडं टर्पेंटाइन घालून फडक्यानं पुसायचं. बेलतेल म्हणजे आपलं जवसाचंच कढवलेलं तेल. चकचकीत वॉर्निश मी बाहेरच्या लाकडाला लावत नाही. ते उन्हात तडकतं, तड्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. आणि तेलानं पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. विजेची तारही उघडी लाकडावरून नेऊ नका, पाइपातून न्या.

लाकूड आणायचं कुठून? बांधावरचा साग आपला असला तरी मनाला येईल तेव्हा पाडता येत नाही. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग आहे, आंबा, चिंच, जांभूळही आहेत. आधी परवानगी, मग तोड, आणि वाहतुकीचा परवाना वेगळा. नवं लाकूड घ्यायचं तर परतवाड्याला वनखात्याचा आगार आहे, तिथे मेळघाटच्या सागाचा लिलाव होतो. सरकारी माप घनमीटरमध्ये, बाजार अजून घनफुटात बोलतो. एका घनमीटरचे ३५.३ घनफूट. खासगी व्यापाऱ्याकडे गोल लाकूड मोजायची जुनी रीत अशी, की घेराचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका या मापानं दहा घनफूट भरतो, खरा असतो पावणेतेरा. फरक सालीत आणि भुश्शात जातो, म्हणून व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघंही ते माप मानत आले. कापल्यावर थरामध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायचं आणि टोकांना मेण किंवा जाड रंग लावायचा, नाहीतर टोकं आधी फाटतात. इंचाला एक वर्ष असा वाळवणीचा जुना हिशेब आहे, आपल्या हवेत त्याहून लवकर होतं.

पण माझं विचाराल तर जुनं लाकूड घ्या. गावोगावी वाडे उतरताहेत, भाऊवाटणीत खोल्या पाडल्या जाताहेत, आणि दोन-तीन पिढ्या वाळलेला साग पावसात पडलेला असतो. तो आता आटायचा राहिलेला नसतो. पोराच्या घरासाठी रिसोडकडच्या एका उतरलेल्या माळवदाच्या तुळया पाहिल्या. घेण्याआधी तीन ठिकाणी पटाशी टोचायची: भिंतीत गाडलेलं टोक, खांबाचं बूड, आणि पन्हाळीखालचा भाग. पटाशी अडली तर लाकूड घ्या. वीतभर शिरली तर तेवढा तुकडा कापून उरलेल्याचं माप धरायला लावा. पावतीवर कोणत्या घराचं लाकूड ते लिहून घ्या, रस्त्यात विचारणा होते. आणि करवतीला लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत पाळण्याचे आकडे, देव्हाऱ्याचे खिळे, कंदिलाच्या कड्या असं काय काय रुतलेलं असतं. एक खिळा लागला की आरागिरणीवाला पात्याचे पैसे तुमच्याच बिलात धरतो.