टीपी कुणाच्या हातात?

मागच्या पावसाळ्यात फोनवर एक संदेश आला. ज्या ॲपवरून मी आठ वर्षं मराठी पुस्तकं घेतली, ते बंद होणार होतं. तीस दिवसांत वाचायचं ते वाचून घ्या, एवढंच त्यात सांगितलेलं. पुस्तकं ॲपबाहेर उतरवून ठेवायची सोय नव्हती आणि पैसे परत मिळायचे नव्हते. घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद मी वहीत करतो: तारीख, नाव, किंमत. मोजली तर चौसष्ट भरली. एकतिसाव्या दिवशी ॲप उघडलं, तेव्हा त्यात एकही पुस्तक नव्हतं आणि मी ओळींखाली केलेल्या खुणाही नव्हत्या. तक्रार कुठे करायची तेच कळेना. चोरी झाली म्हणावं, तर चोरी झालेली नव्हती. चौसष्टही पुस्तकं माझी कधी नव्हतीच, असं अटींच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा मी बारावीला होतो. त्यापुढच्या पंचवीसेक वर्षांबद्दल, पुस्तकांपुरतं बोलायचं तर, सांगण्यासारखं थोडं आहे. पुस्तक हवं असलं की नागपूरला जाणाऱ्या माणसाजवळ चिठ्ठी द्यायची आणि तो परत येईपर्यंत वाट पाहायची. आलेलं पुस्तक मग एका घरात राहत नसे. मारुती चितमपल्लींच्या ‘चकवाचांदण’ची माझी प्रत शाळेतल्या शिक्षकांपासून वनरक्षकांपर्यंत किती हातांत फिरली, ते पहिल्या पानावरच्या नावांवरून कळतं. मला तेव्हा एका गोष्टीचं अप्रूप वाटे. आमच्या जंगलातला बांबू सरकारी करारावर बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जाई. तिथल्या कागदावर कुणीतरी काहीतरी छापे, आणि नागपूरच्या दुकानातून त्यातलं एखादं पान पुन्हा आमच्याकडे येत असेल, असं मी वर्गात मुलांना सांगत असे.

खरं सांगायचं आहे ते 2011 ते 2019 या काळाबद्दल. त्या वर्षांत मी भामरागडला शिक्षक होतो.

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर ते गाव आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. वीज जाते, टॉवर बंद पडतो. अशा दिवसांत हातात जे असेल तेच असतं. तांदूळ, मीठ, रॉकेल, औषधं हे सगळे भरून ठेवत. मी त्यात पुस्तकं भरू लागलो, आणि ई-पुस्तक नावाची गोष्ट मला मोठ्या उपकारासारखी वाटली. पूर ओसरायची वाट न बघता पुस्तक येणार, दमट हवेत त्याला वाळवी लागणार नाही, बदली झाली तर ट्रंका वाहाव्या लागणार नाहीत. पहिली काही वर्षं मी भेटेल त्याला हेच सांगत होतो. शाळेतल्या तरुण शिक्षकांना मीच पैसे भरायला लावले. ते आज मला सलतं.

त्या काळातल्या मराठी प्रकाशकांवर माझा जुना राग आहे, तोही इथेच मांडतो. त्यांच्या पुस्तकांचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अडकलेला होता. तो नीट युनिकोडमध्ये आणायचे कष्ट घेण्याऐवजी अनेकांनी छापील पानांचे फोटो काढले आणि त्यांना ई-पुस्तक म्हणून विकलं. फोनच्या चार इंची पडद्यावर ओळ वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागे. शब्द शोधता येत नसे, अक्षर मोठं करता येत नसे, आणि फाइल इतकी जड की टूजीवर ती उतरायला रात्र जाई. पहाटे तीनला उठून बघावं तर नव्वद टक्क्यांवर तुटलेली. किंडल भारतात 2012 मध्ये आलं, पण मराठी पुस्तकं त्यावर नीट मिळू लागली ती 2016 च्या अखेरीला. मधल्या चार वर्षांत ज्यांनी मराठी वाचकाला पानांचे फोटो विकले, त्यांनी ई-पुस्तकाबद्दलची त्याची पहिली ओढ वाया घालवली. घाईत हात पोळलेले अनेक जण पुन्हा तिकडे वळलेच नाहीत.

आणि त्या फोटोंनाही कुलूप होतं. ॲप काही दिवसांनी पुन्हा लॉगिन मागे. पुरात टॉवर बंद असताना ते लॉगिन करायचं कसं? एका ऑगस्टमध्ये सहा दिवस मी पैसे भरलेलं, फोनमध्ये उतरवलेलं पुस्तक उघडू शकलो नाही. शेजारच्या घरातून पिवळ्या पडलेल्या जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणला आणि ते सहा दिवस काढले.

याच्या उलट चित्र मी 2018 च्या दिवाळीत पाहिलं. माझा भाचा पुण्यात शिकत होता, तो सुट्टीत भामरागडला आला. त्याला ज्या खेळांचा नाद आहे, ते टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट रंगवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि अडल्या जागी फासे टाकून निकाल लावतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातला मूळ पुरुष. या खेळाचं सगळं भांडवल म्हणजे पुस्तकं: नियम, नकाशे, राक्षसांची वर्णनं, पात्रांचे तक्ते. भाच्याने ती ड्राइव्हथ्रूआरपीजी नावाच्या दुकानातून पीडीएफ रूपात घेतली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत त्याचं नाव आणि खरेदीचा क्रमांक. याखेरीज कुलूप नाही. लॅपटॉपवर फाइल, पेनड्राइव्हवर तिची प्रत. येताना आलापल्लीच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याने नकाशे छापून आणले होते. गावात नेट नव्हतं. तीन रात्री आमच्या क्वार्टरच्या पडवीत शिक्षकांची मुलं फासे टाकत बसली, आणि खेळ एकदाही अडला नाही.

मी विचारलं, ही फाइल तू कुणालाही देऊ शकतोस, मग विकणाऱ्याचं कसं चालतं? तो म्हणाला, “मामा, पानावर माझं नाव आहे ना. मी नाही वाटत फिरणार.” वाचकावर एवढा भरवसा ठेवणारा विक्रेता मी तोवर पाहिला नव्हता. पुढे त्याच्याकडूनच कळलं की त्या जगातले काही छोटे प्रकाशक दुकानातून छापील पुस्तक घेणाऱ्याला पीडीएफ फुकट देतात. फाइलमध्ये चूक सापडली तर सुधारलेली प्रत जुन्या गिऱ्हाइकांनाही मिळते, आणि जुनी आपल्याजवळ असतेच. मराठीत मला हे कुणी कधी देऊ केलं नाही.

त्या जगातही सगळं गोड नाही. एप्रिल 2009 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट हिने चोरट्या प्रतींचं कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एका फटक्यात थांबवली. आधी पैसे भरलेल्यांनाही दुकानातून फाइल पुन्हा उतरवता येईना. पीडीएफचा बाजार परत उघडायला 2013 उजाडलं. दरम्यान ज्यांनी फाइल आपल्याजवळ जपली होती, त्यांचा खेळ चालू राहिला. दुकानाच्या कपाटावर विसंबलेले हात चोळत बसले. पुढे या खेळाची नवी पुस्तकं डी अँड डी बियाँड या संकेतस्थळावर आली, आणि तिथे फाइल देतच नाहीत, फक्त तिथल्या तिथे वाचू देतात. ऑगस्ट 2024 मध्ये नव्या आवृत्तीच्या तोंडावर तिथे जाहीर झालं की खेळाडूंच्या तक्त्यांतले जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू काढून तिथे नव्या घालणार. ज्यांनी जुनं पुस्तक पैसे देऊन घेतलं होतं, ते खवळले, आणि काही दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली. ते लढले म्हणून वाचले. चौसष्ट पुस्तकांसाठी आम्ही मराठी वाचक कुठे लढलो?

वापरू देणं आणि मालकी देणं यांतला फरक आमच्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज पडू नये. निस्तार म्हणजे जंगलातून गरजेपुरतं नेण्याची सवलत, ती वरून मिळते आणि वरूनच काढून घेता येते. हक्क वेगळा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने गावातल्याच देवाजी तोफांच्या पुढाकाराने तो वर्षानुवर्षं लढून घेतला. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं आणि त्यावरची मालकी गावाला दिली. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळालाही. पण बांबू तोडून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, ज्याला आपण सगळे टीपी म्हणतो. ते टीपीचं पुस्तक वन खात्याच्या टेबलात होतं आणि खातं ते देईना. मालकी कागदावर आणि माल जागच्या जागी. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे मालकीला अर्थ आला.

ई-पुस्तकात टीपी म्हणजे फाइल आपल्याजवळ उतरवून घेता येणं. ती सोय हातची गेली की खरेदी आणि निस्तार यांत काही उरत नाही. 26 फेब्रुवारी 2025 पासून ॲमेझॉनने किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवायची सोय काढून टाकली. तिचा उपयोग करणारे थोडे होते म्हणतात. टीपी मागणारी गावंही आधी थोडीच होती. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान मिटलं, तेव्हा निदान पुस्तकांचे पैसे परत केले, आणि ज्यांनी समासात टिपणं केली होती त्यांना 25 डॉलर वर दिले. वाचकाची टिपणं ही काहीतरी किमतीची चीज आहे, एवढं तरी त्यांनी मानलं.

सरकारनेही आपली बाजू उघड करून ठेवली आहे. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी 18 टक्के, आणि जुलै 2018 पासून, छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता, 5 टक्के. कारण करखात्याच्या लेखी ई-पुस्तक ही सेवा आहे, वस्तू नाही. म्हणजे कर घेताना सेवा आणि बटणावर मात्र ‘विकत घ्या’. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला: ग्राहकाला फक्त परवानाच देत असाल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. आपल्याकडे असं काही नाही, आणि ते असावं असं मला तळमळून वाटतं. भाड्याचा सरळ व्यवहार आमच्याकडे दिसतो: वडशाच्या नाट्य कंपन्यांकडून गावं मंडईच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैलशर्यतीला नाटक ठरवतात. रात्रभर ते बघतात, पहाटे कंपनीची गाडी पुढच्या गावाला निघते. नाटक आमचं झालं, असं कुणी गावकरी म्हणत नाही आणि कंपनीही म्हणू देत नाही. पैसे एका रात्रीचे, हे दोघांना माहीत असतं. पुस्तकवाल्यांनी भाड्याला भाडं म्हणावं, किंमतही भाड्याची लावावी, मी आनंदाने देईन.

निवृत्त होऊन गडचिरोलीला आल्यापासून माझ्याकडे वेळ आहे. त्या चौसष्टांची यादी मी नव्या पानावर उतरवली आणि एकेक छापील प्रत मागवायला घेतली. एकवीस आली आहेत. काहींच्या आवृत्त्या संपल्या, त्यांच्यासाठी जुन्या पुस्तकांवाल्यांना कळवून ठेवलं आहे. पहिल्या पानावर मी माझं नाव घालतो आणि खाली जागा सोडतो, पुढे ज्यांच्या हाती ती जातील त्यांच्यासाठी. यादीतली तीन पुस्तकं मात्र कधी छापलीच गेली नव्हती. ती फक्त त्या ॲपवर होती. त्यातल्या एकात गोंडी गाण्यांचा मराठी अर्थ होता, आणि त्यावर मी शाळेतल्या मुलींना विचारून शंभरेक खुणा केल्या होत्या.