दुखत नाही, म्हणून दात चांगला असे नाही

"दुखत नाही ना, मग डॉक्टरकडे कशाला?" पंचवटीतल्या आपल्या वस्त्यांत आजी-आजोबांकडे दातांचा विषय काढला, की बहुतेक वेळा हेच उत्तर मिळते. पुढे एखादे दिवशी दात हिरडीलगत तुटतो, भाकरी कालवणात चुरून खावी लागते आणि आपण सारे म्हणतो, "वय झाले." आमच्या मते दोष वयाचा नाही, उशिराचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरत नाही. धुरी देऊन दातातले 'किडे काढून' दाखवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दातातली खनिजे विरघळतात. दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, कठीण असते. पण उतारवयात अनेकांच्या हिरड्या मागे सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमल नसते, म्हणून ते सौम्य आम्लानेही झिजू लागते. त्यात रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. आम्ल धुऊन नेणारी लाळ कमी होते. शिवाय वयाबरोबर दातातली नसेची पोकळी अरुंद होते. त्यामुळे कळ उशिरा येते, कधी येतच नाही.

मग कीड लवकर ओळखायची कशी? इथे प्रकाश मदतीला येतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निरोगी इनॅमलमधून बराचसा आरपार जातो. खनिजे कमी झालेल्या जागी तो विखुरतो. दाताला बाजूने हा प्रकाश देऊन छोट्या कॅमेऱ्याने चित्र घेतले, की ती जागा काळपट दिसते. दोन दातांच्या फटीतली कीडही अशी सापडते. दुसऱ्या पद्धतीत जांभळट-निळा प्रकाश वापरतात. त्यात निरोगी दात हिरवट चमकतो, झिजलेली जागा काळसर दिसते आणि जिवाणूंचा जुना थर लालसर दिसतो. या दोन्ही तपासण्यांत एक्स-रे नसतो, वेदना नसते. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा चित्र घेऊन कीड वाढली की थांबली, हे ताडून पाहता येते.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मिसरी-तंबाखूचे डाग, दातांवरचे कीटण, जुने सिमेंट यांमुळे चित्र फसवे येऊ शकते. म्हणून आधी दात साफ करून घ्यावे लागतात. खोलवरच्या किडीसाठी एक्स-रे लागतोच. मुळावरची कीड ओळखताना तर डॉक्टरांची नजर आणि हात महत्त्वाचा. तेव्हा यंत्र नाही म्हणून तपासणी टाळू नका. दात कोरडा करून चांगल्या उजेडात पाहिला, तरी बरेच कळते.

लवकर कळण्याचा फायदा मोठा आहे. खड्डा पडण्याआधी कीड सापडली, तर दात न कोरताही ती थांबवता येते. डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतात. घरी फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासावेत, गोड चहाच्या फेऱ्या कमी कराव्यात, मिसरी सोडावी. मऊ पडलेले मूळ पुन्हा टणक होऊ शकते. तोंड कोरडे पडते म्हणून गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आपल्या पंचवटीतच कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयांत खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. "मुळाला कीड लागली आहे का? प्रकाशाने तपासणी होते का?" असे न संकोचता विचारा. प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

पुढच्या वेळी विहारात जमाल, तेव्हा शेजारच्या आजींना "दात दुखतो का?" असे विचारू नका. "दात शेवटचे कधी दाखवले?" असे विचारा. आणि उत्तर "कधीच नाही" आले, तर त्यांना सोबत घेऊन जा.