कुलूप पक्कं, किल्ली परक्याकडे

व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कॅसलवूड नावाचं लहानसं गाव आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका अंत्यसंस्कारगृहाला आग लागली. मालकांनी विम्याचा दावा केला. हार्लीसव्हिल या विमा कंपनीला वाटलं की आग लागलेली नाही, लावलेली आहे. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. इथवर ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा न्यायालयात शोभली असती.

विमा कंपनीच्या तपासनिसाला सीसीटीव्हीचं चित्रण विमा-गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या एका संस्थेकडे पाठवायचं होतं. फाइल मोठी, म्हणून त्यानं ती ‘बॉक्स’ या क्लाउड सेवेवर एका फोल्डरमध्ये टाकली आणि ईमेलनं लिंक पाठवली. लिंकला पासवर्ड नव्हता, मुदतही नव्हती. काही महिन्यांनी कंपनीच्या वकिलांनी दाव्याची कागदपत्रं मागितली, तेव्हा त्यानं सगळी फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकली आणि त्यांनाही तीच लिंक दिली. पुढे प्रतिपक्षाच्या वकिलांनी समन्स काढून त्या संस्थेकडून पत्रव्यवहार मागवला. त्यात तो जुना ईमेल होता आणि ईमेलमध्ये लिंक. वकिलांनी ती उघडली. समोर विरुद्ध बाजूची अख्खी फाइल, तिनं आपल्या वकिलाशी केलेल्या गोपनीय पत्रव्यवहारासकट. त्यांनी ती उतरवून घेतली. विमा कंपनीला याचा पत्ता लागला तो कित्येक महिन्यांनी.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायाधीश पामेला सार्जंट यांनी निकाल दिला : फाइल अशी ठेवणं म्हणजे ती चौकातल्या बाकावर ठेवून ‘तिथून घ्या’ असं वकिलाला सांगण्यासारखं आहे, गोपनीयतेचा हक्क कंपनीनं स्वतःच सोडला. गुपचूप फाइल वाचणाऱ्या वकिलांनाही त्यांनी फटकारलं आणि खर्च भरायला लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिल्हा न्यायाधीश जेम्स जोन्स यांनी हक्क सोडल्याचा भाग फिरवला. म्हणजे दोन न्यायाधीश, एक लिंक आणि दोन मतं.

या साऱ्यात हॅकर कुठेच नाही. कोणी कुलूप फोडलं नाही, पासवर्ड चोरला नाही. क्लाउडची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर टोपी घातलेला, अंधारात बसलेला चोर येतो. अमेरिकेतली गेल्या पंधरा वर्षांतली प्रकरणं चाळली तर तोही भेटतोच. पण जास्त अस्वस्थ करणारी प्रकरणं ती, जिथे दार उघडणाऱ्याकडे रीतसर किल्ली होती.

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी घरांमध्ये आज एक फोल्डर हमखास असतो. त्यात व्हिसासंबंधीची आय-७९७ नोटीस, पासपोर्टच्या प्रती, घराच्या मॉर्गेजचे कागद, मुलांचे लसीकरणाचे दाखले, आणि त्यांच्याच शेजारी गावाकडच्या जमिनीचा सातबारा, आईचं आधार कार्ड, भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र. सीएला हवं, व्हिसाच्या वकिलाला हवं, पुण्यातल्या बहिणीला हवं. दर वेळी ‘परवानगी मागितली आहे’ असा ईमेल येतो, त्याचा कंटाळा येतो, आणि एके दिवशी सेटिंग ‘लिंक असलेल्या कोणालाही’ यावर नेऊन ठेवलं जातं. मग ती लिंक कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. कॅसलवूडच्या तपासनिसानं याहून वेगळं काय केलं होतं? त्याची चूक लिंक पाठवण्यात नव्हती. लिंक एका कागदाची नसून फोल्डरची आहे, आणि फोल्डरमध्ये उद्या जे पडेल तेही कालच्या माणसाला दिसेल, हे तो विसरला.

आता किल्लीच्या दुसऱ्या मालकाकडे वळू : खुद्द कंपनीकडे.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय तो उघडत नाही. नेहमीच्या क्लाउडमध्ये दोन्ही किल्ल्या बँकेकडेच असतात. फाइल तिथे गुप्तलिपीत ठेवलेली असते हे खरं, पण ती उलगडण्याची चावी सेवा देणाऱ्याकडे असते. २०११ साली ड्रॉपबॉक्सवरून यावर मोठा वाद झाला. कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या फाइली उघडताच येत नाहीत, असं कंपनी आधी सांगत होती. नंतर ‘उघडण्याची परवानगी नाही’ असं सांगू लागली. येत नाही आणि परवानगी नाही, या दोहोंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. सुरक्षा-संशोधक ख्रिस्तोफर सोगोयन यांनी त्या मे महिन्यात फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली. त्यांचा मुद्दा तांत्रिक होता, पण समजायला सोपा : एकच फाइल दोघांनी चढवली तर ड्रॉपबॉक्स जागा वाचवण्यासाठी ती एकदाच ठेवत असे. दोन्ही फाइली एकच आहेत हे कंपनीला कळतं, त्याअर्थी त्या कंपनीला ओळखता येतात. पुढच्याच महिन्यात, १९ जून २०११ रोजी, प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे जवळजवळ चार तास ड्रॉपबॉक्सचं कुठलंही खातं कुठल्याही पासवर्डनं उघडत होतं. त्या वेळात लॉग-इन झालेली खाती एक टक्क्याहून कमी होती, असं कंपनीनं सांगितलं.

पण चूक तरी दुरुस्त होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वडिलांच्या बाबतीत यंत्रणा बिनचूक चालली, आणि घात झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कश्मीर हिल यांनी ही हकिकत ऑगस्ट २०२२ मध्ये उजेडात आणली. फेब्रुवारी २०२१, कोविडचा काळ. लहानग्या मुलाच्या जांघेत सूज आली होती. व्हिडिओवरची तपासणी ठरली आणि नर्सनं आधी फोटो पाठवायला सांगितलं. बापानं आपल्या अँड्रॉइड फोनवर फोटो काढले, डॉक्टरांनी ते पाहून औषध दिलं, मूल बरं झालं. फोनमधले फोटो मात्र आपोआप गुगलच्या क्लाउडवर चढले होते. तिथे बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं हुडकणाऱ्या यंत्रणेनं ते अडवले. दोन दिवसांत खातं बंद. ईमेल, संपर्क, मुलाचे जन्मापासूनचे फोटो गेले. फोनची सेवाही गुगलचीच असल्यानं नंबरही गेला.

डिसेंबरमध्ये त्याच्या घरी पोलिसांचं पाकीट आलं. तपास झाला होता, वॉरंट काढून त्याचे शोध, ठावठिकाणा, संदेश, फोटो, सगळं गुगलकडून मिळवलं होतं, आणि गुन्हा घडलेला नाही असा निष्कर्षही निघाला होता. तपास अधिकाऱ्यानं त्याला गाठायचा प्रयत्न केला होता. पण फोन आणि ईमेल दोन्ही बंद होते. पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही गुगलनं खातं परत दिलं नाही.

अशी चित्रं शोधून काढण्याची सक्ती अमेरिकन कायदा कंपनीवर करत नाही. सापडली तर कळवण्याची सक्ती मात्र आहे. आणि नागरिकाला बेकायदा झडतीपासून वाचवणारी घटनेची चौथी दुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. कंपनीनं आपल्या सर्व्हरवर काय पाहावं हे कंपनीची नियमावली ठरवते, जी आपण ‘मान्य’ वर बोट ठेवून स्वीकारलेली असते. या शोधामुळे खरे गुन्हेगार पकडले जातात, म्हणून तो थांबवा असं मी म्हणणार नाही. पण चुकून अडकलेल्याला दाद मागायला खिडकीच नसणं, हे मला फोटो तपासण्याहून गंभीर वाटतं.

कायदा असा का झाला, त्याचं मूळ क्लाउडच्या कितीतरी आधीचं आहे. १९७६ च्या मिलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बँकेतल्या नोंदी बँकेच्या. खातेदारानं त्या आपणहून तिसऱ्याच्या हाती दिल्या, तेव्हा त्या खासगी राहिल्या नाहीत. १९७९ मध्ये स्मिथ खटल्यात फिरवलेल्या फोन-नंबरांनाही तोच न्याय लागला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं साठवलेल्या संदेशांसाठी कायदा केला, तेव्हा १८० दिवसांहून जुना ईमेल वॉरंटशिवाय मिळवण्याची वाट ठेवली. तेव्हा साठवणूक महाग होती, लोक पत्रं आपल्या संगणकावर उतरवून घेत. सहा महिने सर्व्हरवर पडून राहिलेलं पत्र म्हणजे टाकून दिलेलं, असा हिशोब. आज सहा महिन्यांपूर्वीचंच नव्हे, पंधरा वर्षांपूर्वीचं पत्रही आपण तिथेच ठेवतो.

२०१० मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं वॉरशॅक खटल्यात ही वाट अडवली. वॉरशॅक या सिनसिनाटीतल्या पूरक गोळ्यांच्या विक्रेत्याचे सुमारे २७ हजार ईमेल सरकारनं वॉरंटशिवाय घेतले होते. ते घटनाबाह्य ठरलं. तेव्हापासून मोठ्या कंपन्या मजकुरासाठी वॉरंट मागतात. २०१८ च्या कार्पेंटर निकालात सर्वोच्च न्यायालयानं फोनच्या ठावठिकाण्यालाही संरक्षण दिलं. १८० दिवसांचं कलम काढण्याचं विधेयक २०१६ मध्ये प्रतिनिधिगृहात ४१९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. एकही विरोधी मत नसलेलं हे विधेयक सिनेटमध्ये अडकलं.

पुण्या-नाशिकच्या वाचकाला हे परदेशातलं वाटेल. तसं नाही. मायक्रोसॉफ्टनं डब्लिनच्या सर्व्हरवरचा ईमेल अमेरिकन तपासाला द्यायला नकार दिला, तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला, आणि निकालाआधीच मार्च २०१८ मध्ये ‘क्लाउड ॲक्ट’ आला. त्यानुसार अमेरिकन कायद्याखालच्या कंपनीला ताब्यातला डेटा द्यावा लागतो, मग सर्व्हर कुठल्याही देशात असो. फाइल मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे एवढ्यानं ती त्या कक्षेबाहेर जात नाही.

एका ठिकाणी मात्र क्लाउडच जास्त सुरक्षित निघतो : अमेरिकेच्या विमानतळावर. सीमा-शुल्क खात्याच्या जानेवारी २०१८ च्या निर्देशानुसार अधिकाऱ्याला फोन किंवा लॅपटॉप वॉरंटशिवाय तपासता येतो, पण उपकरणात जे आहे तेवढंच. क्लाउडवर असलेलं उघडता येत नाही. म्हणून अधिकाऱ्यानं तपासणीआधी फोनचं नेटवर्क बंद करून घ्यायला हवं. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशा सुमारे ४७ हजार तपासण्या झाल्या. प्रवाशांच्या एकूण संख्येपुढे हा आकडा नगण्य, पण बाळंतपणासाठी येणाऱ्या आजीच्या फोनमध्ये काय काय उतरवून ठेवलंय, हे लेकीनं एकदा पाहिलेलं बरं.

किल्ली फक्त आपल्याकडे ठेवायचा मार्गही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलनं आयक्लाउडसाठी अशी सोय आणली, ज्यात फोटो आणि फाइली ॲपललाही उलगडता येत नाहीत. ती आपोआप सुरू होत नाही, आपण करावी लागते, आणि सुरू करताना ॲपल बजावतं : रिकव्हरी की हरवली तर आम्हीही काही करू शकणार नाही. ब्रिटन सरकारच्या दबावानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलनं ती तिथल्या नव्या ग्राहकांसाठी बंद केली.

ज्यांच्याकडेच किल्ली होती ते गेले, तर? मॅसॅच्युसेट्समधला एक माणूस २००६ मध्ये सायकल अपघातात वारला. मृत्युपत्र नव्हतं. त्याच्या ईमेलसाठी भावंडांनी याहूवर दावा लावला. आजेमियन खटल्याचा राज्य सर्वोच्च न्यायालयातला निकाल २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आला : वारसांना मजकूर देण्याची मुभा कंपनीला कायद्यानं आहे. म्हणजे मनाई नाही, एवढंच. याहूच्या नियमावलीमुळे कंपनी नकार देऊ शकते का, हा प्रश्न खालच्या कोर्टाकडे परत गेला. मृत्यूला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

गुगल आता दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसू शकतं. हे काम २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झालं. त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ नावाचं एक पान आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं थंड राहिलं तर कोणाला कळवायचं आणि काय सोपवायचं, हे तिथे दहा जणांपर्यंत नावानिशी लिहून ठेवता येतं. नावापुढे फोन नंबर मागतात, तो चालू असलेला द्यावा लागतो.