गाडी चाकांवर, संघ वहीवर!

धंतोलीतून वर्धा रोडवर या आणि एकदा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. ऑटो, दुचाक्या, अँब्युलन्स आणि ट्रक यांची नुसती झुंबड उडालेली असते. हाच रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणून हिंगणघाट, हैदराबाद, बंगळूरु असं करत कन्याकुमारीपर्यंत जातो. वाटेत सेलमला उजवीकडे वळलं की येतं कोइमतूर. तिथे 'कारी मोटर स्पीडवे' नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे. या ट्रॅकवर 'फॉर्म्युला भारत' ही स्पर्धा भरते. देशभरातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः आखलेल्या आणि स्वतः बांधलेल्या एका सीटच्या रेसगाड्या घेऊन तिथे जमतात.

नागपूर ते कोइमतूर हे अंतर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. पण गंमत अशी, की रेसगाडी या रस्त्यावरून एक किलोमीटरही चालवता येत नाही! तिला ना नंबरप्लेट, ना हेडलाइट. ती बिचारी ट्रकमध्ये बसून जाते. मग हा ट्रक कोण ठरवणार? भाडं कोण देणार? वाटेत पाऊस आला तर ताडपत्री कुणी घेतली आहे? आणि बावीस-पंचवीस पोरांची रेल्वेची तिकिटं?

मित्रांनो, रेसगाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेल्डिंगच्या ठिणग्या येतात, पाने आणि ग्रीसने काळे झालेले हात येतात. आज मात्र आपण वर्कशॉपच्या दाराबाहेर चालणारं काम पाहणार आहोत. ते नीट झालं नाही तर उत्तम गाडीसुद्धा वर्कशॉपमध्येच धूळ खात पडते, बरं का!

गुण १०००, पण कशाकशाचे?

अशा स्पर्धांची सुरुवात १९८० च्या सुमारास अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठात झाली. तिचं नाव 'फॉर्म्युला एसएई'. इंग्लंडमध्ये १९९८ साली 'फॉर्म्युला स्टुडंट' आली, तर जर्मनीत २००६ साली. आपल्याकडे २००७ साली मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला 'बाहा एसएई इंडिया' सुरू झाली. बाहाच्या गाड्या खाचखळग्यांतून आणि चिखलातून पळणाऱ्या असतात. पुढे 'सुप्रा' आणि 'फॉर्म्युला भारत' आल्या. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघही यातल्या स्पर्धांत उतरले आहेत.

आता फॉर्म्युला एसएईची गुणपत्रिका पाहू. एकूण गुण १०००. सर्वांत लांब शर्यत साधारण २२ किलोमीटरची, तिला २७५ गुण. ७५ मीटर अंतर झपाट्याने तोडायचं, त्याला १००. आठच्या आकड्यासारख्या वळणांना ७५, एका फेरीच्या वेगाला १२५ आणि इंधन जपून वापरण्याला १००. झाले ६७५. मग उरलेले ३२५ कुठे गेले?

ते गाडी उभी असतानाच मिळतात! रचनेच्या परीक्षेला १५० गुण. परीक्षक विचारतात, "हा पाइप इथेच का? एवढाच जाड का?" खर्चाच्या हिशेबाला १००. गाडीतल्या नट-बोल्टपासून चाकापर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत लिहून द्यायची. आणि व्यवसायाच्या सादरीकरणाला ७५. आपली एक कंपनी आहे आणि ही गाडी विकायची आहे असं समजून दहा मिनिटांत परीक्षकांना पटवून द्यायचं.

म्हणजे खर्च आणि सादरीकरण मिळून १७५ गुण झाले. ७५ मीटरच्या त्या झपाट्यापेक्षा हे किती तरी जास्त! आणि ते मिळवणाऱ्या मुलाच्या हातात पाना नसतो, वही असते.

समजा, कॅप्टन तुम्हीच आहात!

एक गाडी उभी करायची तर काही लाख रुपये लागतात. कॉलेज थोडे देतं. बाकीचे तुम्ही उभे करायचे.

धंतोलीत तर गल्लोगल्ली दवाखाने. समजा, तुम्ही एका डॉक्टरांकडे गेलात आणि म्हणालात, "काका, आम्ही रेसगाडी बनवतोय, मदत करा." डॉक्टरकाका विचारतील, "छान! पण माझ्याकडूनच का?" इथे तुम्ही गप्प बसलात तर चहा पिऊन परत या. पण तुम्ही म्हणालात, "काका, आम्हाला पैसे नकोत. ट्रॅकवर आमच्याबरोबर प्रथमोपचाराची पेटी लागते आणि चार मुलांना प्रथमोपचार शिकायचा आहे," तर? मागणं नेमकं आहे, काकांना जमण्यासारखं आहे आणि त्यांच्याच कामातलं आहे. 'हो' येण्याची शक्यता एकदम वाढली, नाही का?

हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतही असंच असतं. एखादा कारखानदार रोख रक्कम देणार नाही, पण मशीन रिकामं असेल तेव्हा चार पत्रे कापून देईल. दुसरा बेअरिंग देईल. तिसरा नुसता सल्ला देईल, आणि कधीकधी तो सर्वांत महागाचा असतो! जे मिळेल त्याची नोंद ठेवायची, पावती जपायची आणि स्पर्धा झाल्यावर फोटो व आभाराचं पत्र घेऊन पुन्हा जायचं. हे शेवटचं काम विसरणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी दार उघडलं जात नाही.

कॅलेंडर उलटं वाचा

फॉर्म्युला भारत साधारण जानेवारीत असते. मग काम कधी सुरू करायचं? इथे कॅलेंडर उलट्या दिशेने वाचावं लागतं. जानेवारीत स्पर्धा, म्हणजे डिसेंबरात गाडी चालवून पाहायला हवी. पण नोव्हेंबर-डिसेंबरात हिवाळी परीक्षा! त्यापूर्वी दिवाळी, अर्धी मुलं गावाला. त्याआधी गणपती आणि पावसाळा. म्हणजे गाडीचा सांगाडा पावसाळ्यातच उभा राहायला हवा आणि त्याचं चित्र उन्हाळ्यातच पक्कं व्हायला हवं. नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. पारा ४५ अंशांवर गेल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कोण वेल्डिंग करेल? मग सकाळी सहा ते दहा वर्कशॉप आणि दुपारी सावलीत कागदाचं काम, असं वेळापत्रक कुणीतरी बसवावं लागतं.

शिवाय गाडीच्या सांगाड्याचे, खर्चाचे, रचनेचे अहवाल ठरलेल्या तारखेला पाठवावे लागतात. उशीर झाला की गुण कापले जातात. जर्मनीच्या स्पर्धेत तर प्रवेशासाठीच प्रश्नमंजुषा असते! जगभरातले संघ एकाच वेळी नियमांवरचे प्रश्न सोडवायला बसतात. ज्याने नियमांचं पुस्तक वाचलं नाही, तो दारातूनच परत.

'थांबा' म्हणणारा हवाच

स्पर्धेला पोहोचलो म्हणजे धावलो, असं नसतं. आधी तपासणी. गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी करून पाहतात. ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी जाम व्हायला हवीत. ड्रायव्हरने पट्टे सोडून ५ सेकंदांत बाहेर यायला हवं. यातलं एक जरी चुकलं तरी गाडी ट्रॅकवर जात नाही, मग वर्षभराची मेहनत कितीही असो.

आता खरा कठीण प्रसंग पाहा. स्पर्धेला चार दिवस उरलेत. रात्रीचे दोन वाजलेत. एका वेल्डिंगबद्दल शंका आहे. सगळे दमलेत. कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे ना बे, कुणाला दिसतंय!" त्या गाडीत उद्या आपलाच एक मित्र बसणार आहे. अशा वेळी "थांबा, हे पुन्हा करू" असं म्हणायला धैर्य लागतं. म्हणून शहाणे संघ हे काम एका मुलाकडे किंवा मुलीकडे आधीच सोपवतात आणि ठरवून टाकतात, की तिने 'थांबा' म्हटलं की कॅप्टननेही थांबायचं. मैत्री तुटू नये म्हणून नियम मैत्रीच्या आधी लिहून ठेवायचा.

सामानाचाही पासपोर्ट!

मुंबईच्या सोमय्या इंजिनिअरिंग कॉलेजचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा संघ जर्मनीत होकेनहाइमच्या ट्रॅकवर उतरला आहे. आयआयटी मुंबईच्या मुलांनी विजेवर चालणारी गाडी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला नेली आहे. मुलं पासपोर्टवर जातात, पण गाडी?

परदेशात वस्तू नेली की तिथला कस्टम विभाग जकात मागतो. पण वस्तू विकायची नाही, फक्त दाखवून परत आणायची असेल तर 'एटीए कार्ने' नावाची सोय असते. हा जणू सामानाचा पासपोर्टच. भारतात तो 'फिक्की' ही उद्योगांची संस्था देते आणि तो एक वर्ष चालतो. त्यात वस्तूंची यादी असते. गेलेली वस्तू परत आली नाही तर जकात भरावी लागते. म्हणजे यादी करणाऱ्याचं एक चुकलं, की भुर्दंड साऱ्या संघाला!

दादा-ताई गेले की...

अशा संघाला एक विचित्र आजार असतो. चार वर्षांत सगळा संघ बदलतो! ज्या ताईला गिअर का अडकतो ते कळत होतं, ती जूनमध्ये नोकरीला पुण्याला गेली. तिने काही लिहून ठेवलं नसेल तर पुढची मुलं तीच चूक नव्याने करणार, तेच पैसे पुन्हा घालवणार. म्हणून चांगल्या संघात प्रत्येक भागाची एक वही असते. काय केलं, का केलं, काय मोडलं, कुणाकडून माल घेतला आणि कुणी फसवलं, सगळं त्यात येतं. यशाचं पान एखादं असलं तरी चालेल. मोडतोडीची पानं मात्र भरपूर हवीत!

आई-बाबांसाठी दोन शब्द

"काय करतं हे पोट्टं दिवसभर कॉलेजात?" हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. नियम असा आहे, की गाडी विद्यार्थ्यांनीच आखायची आणि बांधायची. प्राध्यापकांनी किंवा कारखान्यातल्या इंजिनिअरांनी ती बनवून द्यायची नाही. त्यामुळे पैशाचा हिशेब, वेळेचं गणित आणि चारचौघांशी बोलणं हे सगळं मुलांच्याच अंगावर येतं. त्यातून ती शिकतात. पण गाडीपायी विषय राहिले तर तोही ढिसाळ कारभारच! तेव्हा "गाडी सोड" म्हणण्याआधी एकदा विचारा, "परीक्षेच्या महिन्यात तुझं काम कोण सांभाळणार आहे?" उत्तर तयार असेल तर संघ चांगला आहे असं समजा.

करून पाहा

मुलांनो, यासाठी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत थांबायला नको. शाळेचं गॅदरिंग किंवा विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की एक वही घ्या आणि चार पानं आखा.

१. कुठलं काम कुणाचं? एका कामापुढे एकच नाव लिहा. दोन नावं लिहिली की दोघंही म्हणतात, "मला वाटलं, तो करेल."

२. शेवटच्या दिवसापासून मागे मोजत तारखा लिहा.

३. पैसे किती आले, कुठे गेले? पावती त्याच पानाला टाचा.

४. काय बिघडलं आणि का?

कार्यक्रम संपला की ही वही पुढच्या इयत्तेच्या मुलांना द्या. पुढच्या वर्षी ती मुलं तुमच्या शेवटच्या पानापासून सुरुवात करतील.