न दुखणारा पाय

वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री गोव्यातले निम्मे मुळगाव शेजारच्या शिरगावात असते. मुळगावची केळबाई आणि शिरगावची लईराई या देवी बहिणी, त्यामुळे लईराईची जत्रा मुळगावकरांना परकी नाही. सोवळे पाळलेले व्रतस्थ भक्त, म्हणजे धोंड, तळीवर आंघोळ करतात, गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालतात, वेताची काठी घेऊन होमकुंडापाशी येतात आणि निखारे तुडवत पलीकडे जातात. हजारो अनवाणी पाय त्या विस्तवातून जातात आणि बहुतेक सगळे धड बाहेर येतात.

यामागचे भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. लाकडाच्या निखाऱ्यातून उष्णता फार सावकाश वाहते. त्यावर राखेचा थर असतो, आणि चालत्या माणसाचे पाऊल एका जागी क्षणभरच टेकते. तितकाच वेळ तापलेल्या लोखंडी तव्यावर पाय टेकला तर कातडी सोलून निघेल. १९३५ साली इंग्लंडमध्ये कुडा बक्स या काश्मिरी माणसाला संशोधकांनी निखाऱ्यांवरून चालवले. त्याच्या पायांना काहीही लावलेले नव्हते, तरी ते भाजले नाहीत. निखाऱ्याची ही जात आणि पावलाची चपळाई, यांतच त्याचे उत्तर होते. हे कळल्याने धोंडाच्या व्रताला उणेपणा येतो असे मला वाटत नाही.

मला काळजी वाटते ती या चपळाईची. पाऊल पटकन उचलले जाते, कारण तळव्याला चटका कळतो. ज्याला तो कळत नाही त्याचे काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. प्रौढांपैकी चौघांत एकाहून जास्त. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने नसा झिजतात आणि सर्वांत लांब नसांना आधी फटका बसतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंतची नस जवळजवळ मीटरभर लांब असते, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. मग एक दिवस जळजळ थांबते आणि घरच्यांना वाटते, बरे झाले! प्रत्यक्षात तिथे बातमी पोचवणारी नसच मुकी झालेली असते.

अशा पायात बाभळीचा काटा मोडतो, चपलेचा खिळा रुततो, मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना फोड येतो, आणि माणसाला पत्ता नसतो. अंथरुणावर रक्ताचा डाग दिसला की कळते. मुलीने डॉक्टरांचे नाव काढले तर आईचे उत्तर ठरलेले असते, ‘दुखना गे, कांय जावचें ना.’ दुखत नाही म्हणून ती निर्धास्त असते, आणि नेमके तेच घाबरण्याचे कारण असते.

ही गोष्ट जगाला नीट दाखवून दिली ती आपल्याच देशात. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगाने बोटे झडतात, मांस सडते, असाच तेव्हा समज होता. ब्रँड यांना दिसले की बधिर झालेला अवयव रोजच्या साध्या वापरानेच, न कळता जखमी होत राहतो. वेदना ही राखण आहे, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. पुढे तेच ज्ञान मधुमेही पायाच्या कामी आले. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या ज्या चपला आज मधुमेहींना देतात, त्या आधी कुष्ठरुग्णांच्या पायांत होत्या.

बधिरपणा घरी तपासता येतो. समोरच्याने डोळे मिटावेत. आपण त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी, अशा सहा टोकांना बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचे. तिथे दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने नीट तपासणी होते.

मधुमेहीच्या पायाला जखम झाली, मग ती तांदळाच्या दाण्याएवढी का असेना, एक-दोन दिवसांत दाखवावी. लाली पसरतेय, वास येतोय, बोट काळे पडतेय, ताप भरलाय, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. पाय सुजून गरम झाला पण फारसा दुखत नाही, कुठे खरचटलेलेही नाही, अशा वेळी लोक हळदीचा लेप लावून चालत राहतात. मला याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. आत हाडे ठिसूळ होऊन मोडत असू शकतात, आणि पावलागणिक तळव्याची कमान ढासळते. त्या पायावर भार न देता दवाखाना गाठावा. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नये. शेकायला गरम पाणी घेऊ नये, बधिर पायाला त्याचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात शेतातून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. चिखल्या पडल्या की जंतूंना वाट मोकळी होते.

धडधाकट पायाचे गणित सोपे आहे. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरून घोटा मुरगळला, तर लंगडत का होईना चार पावले टाकता येतात का, ते पाहावे. येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. त्याआधी कुणाकडून चोळून घेऊ नये. सकाळच्या पहिल्या पावलाला टाच दुखते आणि चालले की मोकळी होते, त्याला घाई नाही. काही आठवड्यांत उतरले नाही तर दाखवावे.

जत्रेच्या आधीचे व्रताचे दिवस मला यासाठी फार मोलाचे वाटतात. साखर असलेल्या धोंडाने सोवळ्याला बसण्याआधी डिचोलीच्या आरोग्य केंद्रात तळवे तपासून घ्यावेत. तळवा मुका निघाला तर होमकुंडात उतरायचे की काठावरून हात जोडायचे, हे देवीला आणि डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि जे उतरतील, त्यांचे तळवे पहाटे घरी आल्यावर कुणीतरी बॅटरीच्या उजेडात पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट.