कंदांच्या मेळाव्यातून अर्थशास्त्राच्या वर्गात

जानेवारीत कर्नाटकातल्या जोयड्याला कंदमुळांचा मेळावा भरतो. तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या कुणबी बाया मातीने माखलेले कंद समोर मांडून बसतात. कोनफळ, कणगर, अळकुडी. एखादे कोनफळ कापून ठेवलेले असते, आतला जांभळा गर गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. समजा, एक बाई किलोमागे ८० रुपये मिळाले तरी कंद द्यायला तयार आहे आणि धारवाडहून आलेले गिऱ्हाईक १२० मोजायला तयार आहे. सौदा १०० रुपयांना तुटला, तर दोघांच्याही पदरात मनातल्या हिशेबापेक्षा २० रुपये जास्त पडले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवतात. गिऱ्हाइकाच्या २० रुपयांना पुस्तकात ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात, बाईच्या २० रुपयांना ‘उत्पादकाचे आधिक्य’.

नंदिगड्डे याच तालुक्यातले गाव. इथल्या पीयूसी (बारावी) झालेल्या मुलाला किंवा मुलीला अर्थशास्त्राची पदवी घ्यायची असेल, तर धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि त्याला जोडलेली महाविद्यालये सर्वांत जवळची. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक वाट रुंदावली आहे, ती कॅथलिक विद्यापीठांची. बंगळूरचे ख्राइस्ट १९६९ साली महाविद्यालय म्हणून सुरू झाले आणि २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले. पुण्याजवळ लवासातही त्याची शाखा आहे. बंगळूरचेच सेंट जोसेफ्स १८८२ चे, ते २०२२ पासून विद्यापीठ आहे. मंगळूरचे सेंट अलॉयशियस १८८० चे, त्याला २०२४ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. ख्राइस्ट चालवतो तो सीएमआय धर्मसंघ केरळात १८३१ साली स्थापन झाला. बाकीची दोन विद्यापीठे जेझुइट पाद्री चालवतात.

‘कॅथलिक’ या शब्दाने गावाकडचे पालक थोडे बिचकतात. मुलाला बायबल शिकावे लागेल का, आपल्याला तिथे प्रवेश तरी मिळेल का, असे प्रश्न ते विचारतात. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्काने चालणाऱ्या या संस्थांचे दरवाजे सर्व धर्मांच्या मुलांना उघडे आहेत, आणि अर्थशास्त्राच्या पदवीचा गाभा इतर कुठल्याही विद्यापीठासारखाच असतो. सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, गणित, भारतीय अर्थव्यवस्था, सार्वजनिक वित्त, विकासाचे अर्थशास्त्र, आणि पुढे आकडेवारीवरून कार्यकारणभाव तपासायला शिकवणारी अर्थमिती. मागणी-पुरवठ्याची रेषा धर्म विचारत नाही.

मग वेगळे काय? कॅथलिक परंपरेजवळ अर्थव्यवहाराविषयीचा स्वतःचा जुना विचार आहे. १८९१ च्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. मालक आणि मजूर एखाद्या मजुरीला राजी झाले, एवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही. मजुराला त्यातून नेटके जगता आले पाहिजे, असे त्यात ठामपणे मांडले होते. मजुरांनी संघटना करण्यालाही त्यात पाठिंबा होता. मराठी वाचकाला हा काळ ओळखीचा आहे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती आणि १८९० च्या जूनमध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. रोममध्ये परिपत्रक निघाले ते त्यानंतर वर्षाच्या आत.

दुसरे उदाहरण स्पेनच्या बास्क प्रांतातले. मोंद्रागोन गावात होसे मारिया आरिस्मेंदियारिएता या पाद्र्याने तंत्रशाळा काढली आणि तिथून शिकून निघालेल्या तरुणांनी १९५६ मध्ये कामगारांच्याच मालकीचा कारखाना सुरू केला. त्यातून वाढलेला समूह आज जगातल्या सर्वांत मोठ्या कामगार-सहकारी उद्योगसमूहांपैकी एक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केलेला सहकारी साखर कारखाना ज्याला माहीत आहे, त्याला मोंद्रागोन समजायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रातलेच आणखी एक काम म्हणजे पाणलोटाचे. स्विस जेझुइट पाद्री हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या दुष्काळी भागात आयुष्य घातले. त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था काढली. पाणी अडवायचे तर आधी गावाने एकत्र बसून चराईबंदी आणि श्रमदानाचे नियम ठरवायचे, हा त्या कामाचा पाया. सामाईक संसाधने सांभाळायची कशी, हा विकासाच्या अर्थशास्त्रातला मोठा प्रश्न आहे आणि त्याचे चालते-बोलते उत्तर नगर जिल्ह्याच्या माळावर पाहायला मिळते.

हे सगळे नंदिगड्ड्याच्या मुलाला परके वाटण्याचे कारण नाही. कुणब्यांच्या कुमरी म्हणजे फिरत्या शेतीवर इंग्रज सरकारने १९ व्या शतकात बंधने घातली, तेव्हापासून जंगल कोणाचे हा वाद या मुलखात आहे. काळी नदीवरचे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ मध्ये पुरे झाले. सुपे गाव पाण्याखाली गेले आणि विस्थापितांना रामनगरला वसवले गेले. वीज राज्यभर गेली, किंमत मात्र एका तालुक्याने मोजली. खर्च-लाभ विश्लेषण शिकवणाऱ्या प्राध्यापकाला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. तोच आता काळी व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ वाचल्याचा फायदा साऱ्या देशाला, पण रानडुकराने उकरलेल्या कंदांचे नुकसान एकाच घराला. शेजारच्या गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडचे कुणबी तीच मागणी करीत आहेत, आणि शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंतचे बरेच काही त्या दर्जावर अवलंबून आहे. हे प्रश्न आकडे हाताशी धरून मांडणारा माणूस याच मातीतून निघाला, तर त्याच्या म्हणण्याला वेगळे वजन येईल.

अडचणी खऱ्या आहेत. खासगी विद्यापीठांचे शुल्क सरकारी महाविद्यालयापेक्षा बरेच जास्त, त्यावर बंगळूरचा राहण्याखाण्याचा खर्च. शिकवणे इंग्रजीत, म्हणून पहिले सत्र जड जाते. अर्थशास्त्राच्या काही अभ्यासक्रमांना पीयूसीला गणित घेतलेले असावे लागते. शिवाय पदवी किती वर्षांची हेही विचारून घ्यावे. कर्नाटकात २०२१ पासून चार वर्षांची पद्धत आली होती, २०२४ मध्ये राज्य सरकारने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. अभिमत विद्यापीठांचे नियम वेगळे असू शकतात.

म्हणून जोयड्यातल्या शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. दहावीनंतर कला शाखा निवडणाऱ्या हुशार मुलांना गणित सोडू देऊ नका. अर्ज भरण्याआधी शुल्कसवलत, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची चौकशी विद्यापीठाच्या कार्यालयात लेखी करा, आणि धारवाडचा अर्जही सोबत भरून ठेवा.